कोण, कुठे, केव्हा, काय : मराठी व्हिडिओ आणि पॉडकास्ट यांच्या नोंदींविषयी

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडले आणि गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. गाणे संपता संपता गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. त्या काळच्या अनेक गायिकांच्या तबकड्यांवर अशी घोषणा आहे आणि तिचे कारण अगदी व्यवहारी होते. मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तबकड्या तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला हे गाणे परके आणि गाणारी अनोळखी. नाव गाण्यासोबतच आले की लेबल लावताना घोटाळा होत नसे.

ज्याला आपल्या गाण्यातले काहीही माहीत नाही अशा माणसाच्या हातून ते नीट पुढे जावे, म्हणून जाणणाऱ्याने सोबत जोडून दिलेली माहिती म्हणजे मेटाडेटा. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. आज हॅनोव्हरच्या कामगाराच्या जागी यूट्यूब, गूगल, स्पॉटिफाय, ॲपल यांची शोधयंत्रे आहेत आणि त्यांच्या पलीकडे शोधपेटीत दोन-तीन शब्द टाकणारा श्रोता आहे. त्याला आपल्या कार्यक्रमाचे नाव ठाऊक नसते, वक्त्याचेही बहुधा नसते. त्याला ठाऊक असते ती त्याची गरज: द्राक्षावरचा डाऊनी रोग कसा आवरायचा, मोडी वाचायला कुठून सुरुवात करायची, आजी म्हणायची त्या ओवीचे पुढचे शब्द काय.

मराठीत आज बोललेल्या शब्दाचा तुटवडा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावी व्याख्यानमालांची परंपरा आहे आणि आता त्यांतल्या बहुतेक कुठे ना कुठे कॅमेऱ्यासमोर होतात. कीर्तने, शेतकरी मेळावे, शास्त्रीय संगीताच्या मैफली, शाळांतले तास, साहित्य संमेलनांतले परिसंवाद, घरच्या घरी बोलून तयार केलेले पॉडकास्ट, सगळे मुद्रित होते आणि चढवलेही जाते. मग त्याला शीर्षक मिळते ‘व्याख्यान भाग ३ फायनल’ किंवा ‘आजचा कार्यक्रम’. वर्णनाची चौकट रिकामी राहते. वक्ता दोन तास जलसंधारणावर जीव ओतून बोललेला असतो आणि त्या शीर्षकात ना त्याचे नाव असते, ना पाण्याचे. असे मुद्रण नष्ट झालेले नसते, पण ते कोणाच्याही कामाचे उरत नाही. आपल्या भाषेच्या या काळातल्या ठेव्याला सर्वात मोठा धोका याच गोष्टीचा आहे, असे मला वाटते.

मेटाडेटा कुठे राहतो हे आधी पाहू, कारण नवख्या माणसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. काही माहिती फाइलच्या पोटात असते. १९९६ साली एमपी३ फाइलसाठी आयडी३ नावाची पद्धत निघाली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची जागा राखायची, त्यात शीर्षकाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. इंग्रजीला ते कसेबसे पुरायचे. देवनागरीतले एक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकावर लिपी साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे ‘कोल्हापूर’ या एका शब्दालाच २७ बाइट लागतात. १९९८मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही कोंडी फोडली. पण तोवर मराठी गाण्यांच्या फाइलींवर तोडकीमोडकी रोमन नावे चिकटवण्याची सवय लागली होती, ती अजून पुरती सुटलेली नाही. दुसरी माहिती फाइलच्या बाहेर, पॉडकास्टच्या फीडमध्ये, म्हणजे ॲपना नव्या भागांची वर्दी देणाऱ्या यादीत असते. तिसरी व्यासपीठाच्या स्वतःच्या चौकटींत: शीर्षक, वर्णन, भाषा, विषयवर्ग, मुद्रणाची तारीख आणि स्थळ. चौथी आपल्या संकेतस्थळाच्या पानात शोधयंत्रांसाठी लिहिलेली. एकच गोष्ट चार ठिकाणी चार तऱ्हांनी सांगितली जाते आणि ती चारही ठिकाणी जुळावी लागते.

या क्षेत्रात मते बनत गेली ती वेगवेगळ्या पेशांच्या माणसांकडून, आणि त्यांचे आपसांत फारसे पटलेले नाही.

सगळ्यात जुने घराणे ग्रंथपालांचे. आपल्याकडे त्याचा मूळपुरुष शियाळी रामामृत रंगनाथन. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि वाचकाचा वेळ वाचवणे ही त्यांत एक अट म्हणून घातली. १९३३च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाने विषयाला एकाच कप्प्यात कोंबायचे नाकारले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पाच बाजूंनी विषयाकडे पाहायचे. आज एखाद्या व्हिडिओ संग्रहात ‘जिल्हा’, ‘वर्ष’, ‘वक्ता’, ‘विषय’ अशा गाळण्या एकावर एक लावून आपण शोध घेतो, तेव्हा मुळात रंगनाथनांचीच दृष्टी वापरत असतो. याच घराण्यातून १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी एक बैठक झाली आणि त्यातून पुढे डब्लिन कोअर हा पंधरा घटकांचा किमान आराखडा तयार झाला: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, तारीख, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. कुठलाही छोटा संग्रह सुरू करणाऱ्याने आधी हे पंधरा शब्द कागदावर लिहावेत. निम्मे प्रश्न तिथेच समोर येतात. अमेरिकेतल्या सार्वजनिक प्रसारकांनी पुढे याच पायावर २००५मध्ये पीबीकोअर उभारले. त्याच सुमाराचे एमपीईजी-७ हे मानक याहून खूप महत्त्वाकांक्षी होते. दृश्यातल्या रंगापासून आवाजाच्या पोतापर्यंत सगळे नोंदवण्याची सोय त्यात होती, आणि म्हणूनच रोजच्या वापरात ते फारसे रुजले नाही.

दुसरे घराणे वेबच्या कारागिरांचे. डेव्ह वाइनर यांनी २०००च्या अखेरीस आरएसएस फीडमध्ये ध्वनिफाइल जोडण्याची एक छोटी सोय घातली आणि त्या एका ओळीवर पुढे पॉडकास्टचे सगळे जग उभे राहिले. २००५च्या जूनमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची निर्देशिका सुरू केली, तेव्हा फीडमध्ये लेखक, विषयवर्ग, चित्र, कालावधी अशा खुणा आल्या. पुढे हंगाम आणि भाग यांचे क्रमांकही आले. या घराण्याचे ब्रीद असे की थोडेच मागा, पण सगळ्यांना एकाच पद्धतीने लिहायला लावा. २०११च्या जूनमध्ये गूगल, बिंग आणि याहू या एकमेकांच्या स्पर्धकांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा समाईक शब्दसंग्रह काढला, तो याच वृत्तीतून. आपल्या पानावर व्हिडिओचे नाव, वर्णन, लघुचित्र, चढवल्याची तारीख आणि कालावधी त्या पद्धतीने लिहिले की शोधयंत्राला अंदाज बांधावा लागत नाही. २०२०मध्ये ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी पॉडकास्ट इंडेक्स ही पॉडकास्टची खुली निर्देशिका सुरू केली. त्यासोबत वाढलेल्या नव्या खुणांत शब्दांकन, प्रकरणे आणि सहभागी व्यक्ती यांना स्वतंत्र जागा मिळाली. ही शेवटची सोय आपल्याला फार मोलाची वाटायला हवी. ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणाखाली गायकाचे नाव असते, पण तबलजी आणि पेटीवादक अनेकदा बेपत्ता असतात. साथसंगतीला नोंदीत जागा मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे आणि शोधाचाही. एखाद्या तबलजीचे सगळे काम एकत्र ऐकायचे तर दुसरा मार्गच नाही.

तिसरा प्रवाह लोकांनी स्वतः दिलेल्या टॅगांचा. २००४च्या आसपास फ्लिकर, डिलिशस यांसारख्या ठिकाणी कुणीही हवा तो शब्द जोडावा, बहुतांचे शब्द जमले की त्यातून आपोआप वर्गीकरण उभे राहील, असा मोठा उत्साह होता. यूट्यूबनेही टॅग घेतले. पण ज्याला लोकांसमोर यायचे आहे तो टॅगमध्ये खरे लिहीलच असे नाही. लेखक कोरी डॉक्टोरो यांनी २००१ सालीच मेटाडेटाच्या स्वप्नावर कडक टीका करणारा निबंध लिहिला होता. माणसे खोटे लिहितात, आळस करतात, स्वतःच्या कामाबद्दल त्यांना नेमके सांगता येत नाही, असे त्यांचे आक्षेप होते. पुढची वर्षे त्यांना दुजोरा देणारी ठरली. पानात दडवलेले कीवर्ड आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असे २००९मध्ये गूगलने जाहीर केले. शोधात टॅगांचा वाटा अगदी थोडा असतो आणि ज्या शब्दाचे लेखन लोक नेहमी चुकवतात तिथेच ते उपयोगी पडतात, असे यूट्यूब आज स्वतः सांगते. साठाहून अधिक हॅशटॅग घातले तर ते सगळेच दुर्लक्षित होतात. हे माहीत असूनही बाजारात टॅगांच्या तयार याद्या विकल्या जातात आणि आपली तरुण मुले त्या विकत घेतात, याचे वाईट वाटते.

त्या याद्या विकणारे म्हणजे चौथे घराणे, जाहिरातदारांचे. त्यांनी शिकवलेले सगळे टाकाऊ नाही. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यातली सुरुवातच दिसते, म्हणून महत्त्वाचा शब्द आधी घ्यावा, हा सल्ला रास्तच आहे. पण त्यांचे लक्ष आज रात्री किती लोक बघतील याकडे असते. दहा वर्षांनी एखाद्या विद्यार्थिनीला हे सापडेल का, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात येत नाही. ‘हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल’ अशा शीर्षकाचे आयुष्य आठवडाभराचे. ‘भूजल पुनर्भरण : खडकाचे प्रकार आणि विहिरी’ हे शीर्षक पहिल्या दिवशी कमी लोक उघडतील, पण पाचव्या वर्षीही गरजू माणूस त्याच्यापर्यंत पोचेल. या पुस्तकाने दुसऱ्या शीर्षकाची बाजू घेतली आहे.

पाचवे घराणे यंत्रांचे. त्याच्याकडे वळण्याआधी एका मराठी कामाजवळ थांबायला हवे, कारण आम्हाला सांगायचे आहे ते सगळे त्या कामात आधीच करून ठेवलेले आहे.

१९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून, खेड्यातल्या कार्यकर्त्यांच्या साथीने, जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचा काही भाग ध्वनिमुद्रित झाला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. हा आकडा मोठाच आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची नोंदवही. ओवी कोणी म्हटली, तिचे गाव, तालुका, जिल्हा, वय, व्यवसाय, जात, नोंद केल्याची तारीख, हे सारे त्यांनी ओवीइतकेच महत्त्वाचे मानले. विषयांचीही एक बारीक वर्गवारी केली: माहेर, भाऊ, सासर, श्रम, विठ्ठल, सीता, आंबेडकर. जात्यावर बसलेली बाई ‘लोकसाहित्य’ नावाच्या ढिगात हरवली नाही, ती अमुक गावची अमुक बाई राहिली. पुढे पिठाच्या गिरण्यांनी जाती बंद पडली, संग्राहकांपैकी पॉइटवँ आणि राईरकर दोघेही गेले. तरी २०१७पासून पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या ध्वनी, चित्रफिती आणि भाषांतरासह प्रसिद्ध करायला घेतल्या, तेव्हा जुन्या नोंदींच्या आधारे कार्यकर्ते गावी जाऊन त्या बायांना पुन्हा भेटू शकले. काहींची नव्याने चित्रफीत झाली. नोंदवहीत गावाचे नाव नसते तर कार्यकर्ते कुठे गेले असते? आज परभणीतली मुलगी जिल्ह्याचे नाव घालून आपल्या भागातल्या ओव्या ऐकू शकते. ज्यांनी त्या कागदावर लिहिल्या त्यांच्यासमोर तेव्हा यूट्यूब नव्हते, वेबही नव्हते. त्यांनी फक्त समोरच्या बाईला तिचे नाव-गाव आस्थेने विचारले आणि लगेच, जागच्या जागी लिहून घेतले.

‘लगेच’ या शब्दाशी आम्ही पुस्तकभर अडून बसलो आहोत. वक्ता मंचावर असताना त्याच्या नावाचे लेखन विचारणे सोपे असते. दोन वर्षांनी चित्रफितीतला तो माणूस कोण, हे सांगायला कोणी उरत नाही. आणि एकदा चुकीची नोंद सुटली की तिला आवरणे कठीण जाते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. फाळक्यांनी १९१७मध्ये तो पुन्हा काढला आणि आज जी रिळे शिल्लक आहेत ती या दुसऱ्या चित्रपटाची, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पण इंटरनेटवर त्याच्या ज्या असंख्य प्रती फिरतात त्यांवर सरसकट १९१३ लिहिलेले असते, कारण प्रत्येकाने आधीच्याचे शीर्षक उचलले. भारतीय चित्रपटाच्या आरंभाविषयी ही गत, तर तालुक्याच्या नाट्यस्पर्धेचे काय होत असेल.

आता मराठीचे खास प्रश्न. परदेशी मार्गदर्शिकांत यांची उत्तरे मिळत नाहीत, हे पुस्तक लिहिण्याचे ते एक मोठे कारण.

शीर्षक आहे ‘कोल्हापुरातील तालमींचा इतिहास’. शोधणारा टाइप करतो ‘कोल्हापूर तालीम’. माणसाला हे एकच आहे. साध्या शोधाला मात्र यांतला एकही शब्द जुळत नाही. विभक्तीचा प्रत्यय लागताना ‘पू’चा ‘पु’ झाला आणि ‘तालीम’मधल्या ‘ली’ची वेलांटी गळून ‘ल’ उरला. पुणे-पुण्यातील, घोडा-घोड्याला, सामान्यरूपाने मराठी नाम इतके बदलते की इंग्रजीसाठी घडलेल्या शोधाची पंचाईत होते. मोठी शोधयंत्रे आता बरेच काही समजून घेतात, पण संस्थेच्या संकेतस्थळावरचा किंवा ग्रंथालयाच्या संगणकावरचा शोध तेवढा शहाणा असेलच असे नाही. उपाय साधा आहे. शीर्षकात भाषा नैसर्गिक ठेवा, मात्र वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत गावाचे, व्यक्तीचे आणि विषयाचे मूळ रूप एकदा तरी येऊ द्या.

लिपीच्या पोटातही खाचखळगे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र चढवून लिहीत, काही कळफलक अजूनही तसेच लिहितात. दिसायला जवळजवळ सारखे, आतून वेगळे. ‘वाऱ्यावरची वरात’ शोधून पाहा. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि तिसरे लोक सरळ ‘वार्यावरची’ लिहितात. त्याहून वाईट अवस्था जुन्या फॉन्टांची. श्रीलिपी किंवा योगेशच्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीत टाइप केलेली वर्णने फॉन्ट निघून गेला की निव्वळ अगम्य रोमन चिन्हे होतात. ज्या संस्थांकडे अशा याद्या आहेत त्यांनी आधी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, बाकीचे नंतर. आणि रोमन मराठीकडे तुच्छतेने पाहू नये. न्यू जर्सीत वाढलेले मूल, किंवा पुण्यातलेच, ‘pavankhind’ अशा धाटणीचे शब्द रोमन अक्षरांत टाइप करते. वर्णनात एका ओळीत रोमन रूप दिल्याने भाषेला बाधा येत नाही. त्यासोबत भाषेची चौकट न चुकता ‘मराठी’ करावी. ती रिकामी ठेवली की यंत्र अंदाज बांधते, आणि देवनागरी दिसली की तो अंदाज हिंदीकडे झुकू शकतो. गोव्यातल्या कोकणी कार्यक्रमांना तर दुहेरी काळजी घ्यावी लागते: देवनागरी पाहून ती मराठी किंवा हिंदी ठरू नये, आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी शोधणाऱ्यालाही ती सापडावी.

नावांचे तर विचारूच नका. ‘पु. ल.’, ‘पुल’, ‘पु.ल. देशपांडे’, ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’, शिवाय रोमनमधली आणखी चार रूपे. उलट टोकाला ‘संगीत : वसंत’ एवढेच लिहिलेले असले की प्रभू, पवार की देसाई, हे गाणे ओळखणाऱ्यालाच कळणार. ग्रंथपालांनी यावर शतकापूर्वीच उपाय काढला: प्रत्येक व्यक्तीचे एक प्रमाण रूप ठरवायचे आणि बाकीची रूपे त्याला जोडायची. आता विकिडेटा या खुल्या माहितीसंग्रहावर हे काम कुणालाही करता येते आणि मराठी रूपेही तिथे नोंदवता येतात. तारखांचा धडा त्याहून छोटा. ०५/०३ म्हणजे आपल्याला ५ मार्च, अमेरिकनाला ३ मे. म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. कीर्तनाची तिथी वर्णनात जरूर लिहावी, पण तारखेच्या चौकटीत ती घालू नये.

आणि आता यंत्रे. २०२२च्या सप्टेंबरात ओपनएआयने व्हिस्पर ही बोलण्याचे शब्दांकन करणारी प्रणाली खुली केली. ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर ती शिकली होती. त्यातला बहुतांश इंग्रजी होता, तरी तिच्या भाषांत मराठीही आहे. मार्च २०२४मध्ये ॲपलने पॉडकास्टचे शब्दांकन आपोआप दाखवायला सुरुवात केली, सुरुवातीला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये, आणि निर्मात्याने स्वतःचे शब्दांकन फीडमधून देण्याची सोयही ठेवली. आजवर शोध फक्त वरच्या लेबलापर्यंत पोचत होता, आता तो बोललेल्या प्रत्येक वाक्यापर्यंत पोचू पाहतो. मग माणसाने नोंदी कशाला करायच्या, असे विचारणारे पुष्कळ भेटतात.

त्यांना माझे उत्तर असे. यंत्राला ऐकू येते ते बोललेले. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलण्यात, खोकल्यात, टाळ्यांत, पंख्याच्या आवाजात ते अडखळते आणि नेमकी विशेषनामे चुकवते. शोध तर बऱ्याचदा विशेषनामांवर चालतो. शिवाय जे बोललेच गेले नाही ते यंत्राला कुठून कळणार? वक्ता आपल्या भाषणात स्वतःचे नाव घेत नाही, गावाचे नाव घेत नाही, साल सांगत नाही, कारण समोर बसलेल्यांना ते ठाऊक असते. मैफलीत बंदिशीचे शब्द ऐकू येतात, राग कोणता हे जाणकाराने सांगावे लागते. यंत्राचे शब्दांकन कच्चा माल म्हणून घ्या, नावे दुरुस्त करा, मग जोडा. प्रकरणांच्या खुणा माणसाने द्याव्यात. यूट्यूबवर त्यासाठी वर्णनात वेळा लिहायच्या, पहिली ००:०० हवी, किमान तीन हव्यात, चढत्या क्रमाने आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. दोन तासांच्या परिसंवादाला अशा दहा खुणा देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. त्यातून ज्याला फक्त सातबाऱ्यावरच्या नोंदीविषयी ऐकायचे आहे तो थेट त्या मिनिटाला पोचतो. शिवाय शब्दांकन असले की ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही कार्यक्रम खुला होतो, आणि हे कारण मी शोधाच्याही आधी ठेवीन.

हे सगळे आत्ताच का करायचे, याची दोन कारणे. व्यासपीठे येतात आणि जातात. २०१८मध्ये आलेले गूगल पॉडकास्ट्स २०२४मध्ये बंद झाले. ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात आणि नीट भरलेली होती त्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपवर गेले, काम वाया गेले नाही. ज्यांची सारी माहिती एखाद्या कंपनीच्या चौकटींत अडकलेली असते त्यांना दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. म्हणून नोंदीची मूळ प्रत आपल्याकडे, साध्या तक्त्यात ठेवावी आणि तिथून बाहेर पाठवावी. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. घरांत आणि संस्थांत पडलेल्या कॅसेट आणि व्हीएचएस फिती आता संगणकावर उतरवल्या जात आहेत. १९७० आणि ८०च्या दशकांतले आवाज ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. फीत उतरवायला उशीर झाला तरी एक वेळ चालेल, पण त्या माणसांसमोर ती वाजवून ‘हा कोण बोलतोय?’ हे विचारायला उशीर चालणार नाही.

नोंदीने इजाही होऊ शकते. घर सोडून आलेल्या बाईची मुलाखत चढवताना स्थळाची चौकट भरणे धोक्याचे. मुलांच्या शाळेचे नाव, आजाऱ्याचे नाव, आंदोलनात बोललेल्याचा पत्ता, यांबाबत आधी विचारावे आणि नकार आला तर तोही नोंदवावा. ओव्यांच्या संग्रहात जात नोंदवली गेली ती अभ्यासाच्या स्पष्ट हेतूने. आज कुणी उठून प्रत्येक कलाकाराची जात वर्णनात लिहू लागला तर ते भयंकर होईल. काय सांगायचे यासोबत काय झाकायचे हेही ठरवावे लागते, आणि हा भाग आम्ही घाईने उरकलेला नाही.

हे पुस्तक कोणासाठी? व्याख्यानमालेचा कार्यवाह, महाविद्यालयाचा ग्रंथपाल, खोलीत गादी उभी करून पॉडकास्ट मुद्रित करणारी मुलगी, कृषी विस्तार अधिकारी, आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट सांभाळणारा नातू, यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. प्रोग्रॅमिंग येत नसले तरी चालेल. जिथे फीड किंवा पानातली रचना दाखवावी लागली तिथे नमुना पूर्ण दिला आहे, आपली माहिती भरून तो वापरावा. उदाहरणे मुद्दाम मराठी आणि वेगवेगळ्या धाटणीची घेतली: मैफल, ग्रामसभा, पाककृती, बालनाट्य, शेतीची शिवारफेरी. प्रत्येक ठिकाणी एकाच मुद्रणाची ढोबळ नोंद आणि भरलेली नोंद शेजारी-शेजारी ठेवली आहे, कारण फरक डोळ्यांनी दिसला की नियम पाठ करावे लागत नाहीत. लोकप्रियतेची हमी देणारे सल्ले यात नाहीत. शिफारस करणारी यंत्रे कशाला वर काढतील हे त्यांचे मालक ठरवतात आणि वारंवार बदलतात. २०१२मध्ये यूट्यूबने किती वेळा पाहिले याऐवजी किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले, तेव्हा आधीच्या साऱ्या क्लृप्त्या एका फटक्यात जुन्या झाल्या. खरी, पूर्ण आणि जुळणारी नोंद मात्र त्या बदलानंतरही तेवढीच उपयोगी राहिली.

पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे जुना साठा आहे त्यांनी नावे आणि तारखांपासून सुरुवात करावी, ज्यांचा पहिला भाग अजून मुद्रित व्हायचा आहे त्यांनी मुद्रणाच्या दिवशी भरायच्या पानापासून. ते पान छापून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवता येईल एवढे छोटे केले आहे: कोण, कुठे, केव्हा, कशाविषयी, कोणत्या भाषेत, सोबत कोण, आणि परवानगी कशाची. अक्षरमर्यादा, खुणांची नावे, कोणती चौकट कुठल्या पडद्यावर सापडते, हे तपशील पुस्तक छापले जाईपर्यंतही बदलू शकतात. ते चढवण्याआधी त्या त्या व्यासपीठाच्या मदतपानावर पडताळून घ्यावेत.